धारचा विषाणू, देवासचा विषाणू

भोपाळच्या प्रयोगशाळेत मला नोकरी लागली तेव्हा आईनं देवासच्या आमच्या अख्ख्या कॉलनीला सांगून टाकलं, की मुलगी कोंबड्यांची डॉक्टर झाली. मी कोंबड्यांची डॉक्टर नाही. मेलेल्या पक्ष्यांचे नमुने आमच्याकडे येतात. त्यातल्या विषाणूची जनुकं अक्षर अक्षर वाचायची आणि तो कुठून कुठे गेला असावा ते शोधायचं, हे आमचं काम. आईला हे नीट समजावून सांगितलं. तिनंही नीट ऐकलं आणि शेवटी विचारलं, "म्हणजे कोंबड्याच ना?"

याच कोंबड्यांनी एका हिवाळ्यात आमच्या नात्यात भांडण लावलं.

माझा मामा धारला राहतो. त्याचे पूर्वज पवारांच्या फौजेबरोबर माळव्यात आले आणि इथलेच होऊन गेले. मामाच्या मराठीत निम्मी हिंदी आणि वर माळवीची फोडणी. बँकेतून निवृत्त झाल्यावर त्यानं परसात कडकनाथ कोंबड्या पाळल्या, तुऱ्यापासून नखांपर्यंत काळ्याभोर. संध्याकाळी खुराड्यापाशी खुर्ची टाकून तो त्यांना रेडिओ ऐकवत बसायचा. मामीचं म्हणणं, इतक्या वर्षांत माझ्यासाठी कधी रेडिओ लावला नाही.

मामाचा मुलगा देवासच्या एका कारखान्यात लागला आणि तिथल्याच मुलीशी त्याचं लग्न झालं. तिचे वडील तरुणपणी साताऱ्याकडून नोकरीसाठी आलेले. माणूस सरळ, पण मराठीच्या बाबतीत कडक. मामा त्यांना "समधीजी" म्हणायचा.

"व्याही म्हणा, पाहुणे. आपल्या भाषेत व्याही म्हणतात."

"हां, वही तो. बसा समधीजी."

लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला मामानं आपल्यातला एक कोंबडा आणि दोन कोंबड्या व्याह्यांना भेट दिल्या. व्याह्यांनी आधी तोंड वाकडं केलं, मग त्यांच्यासाठी जांभळाखाली जाळीचं घर बांधलं. संक्रांतीला मामा आणखी एक कोंबडी पिशवीत घालून धारहून इंदूर आणि इंदूरहून देवास असा बसनं निघाला. कंडक्टरनं पिशवीकडे पाहिलं आणि म्हणाला, "भिया, सवारी बैठा लो, पर गर्दन बाहर मत निकालने देना." मामा हा किस्सा देवासला पोचेपर्यंत फोनवर तिघांना सांगून मोकळा झाला होता.

त्याच आठवड्यात देवासमध्ये कावळे मरून पडायला लागले. गच्चीवर, शाळेच्या मैदानात, टेकडीच्या वाटेवर. व्याह्यांच्या जांभळाखाली दोन सापडले, आणि मग त्यांच्या कोंबड्या माना टाकून बसल्या आणि गेल्या; त्यांचे नमुने भोपाळला पाठवले गेले. थोड्याच दिवसांत धारला मामाचं खुराडंही आजारी पडलं. पांढरे पोशाख घातलेली सरकारी माणसं आली, नमुने घेतले आणि उरलेल्या कोंबड्याही नियमाप्रमाणे मारून पुरल्या. मी फोन केला तेव्हा मामा एवढंच म्हणाला, "खुराडं धुऊन काढलं, चुना टाकला." मागे रेडिओ चालू होता. तो कोणासाठी, हे विचारायचा मला धीर झाला नाही.

दुःख काही दिवस टिकलं, मग त्याचा राग झाला. व्याह्यांचं म्हणणं, संक्रांतीच्या पिशवीतल्या कोंबडीनं रोग आणला. मामाचं म्हणणं, कोंबडी ठणठणीत होती; देवासच्या अंगणातली घाण त्याच्याच चपलांना लागून धारला आली आणि त्याचा वंश बुडाला. दोघांनी एकमेकांचे फोन घेणं सोडलं आणि मला फोन करणं सुरू केलं.

"तू तिथंच आहेस ना?" व्याही म्हणाले. "मग लिहून दे, की रोग धारचा."

"भाची कोणाची?" मामा म्हणाला. "तो फिर?"

मी दोघांनाही सांगितलं, की नमुन्यांवर नुसते आकडे असतात, कोंबडीच्या मालकाचं नाव नसतं. पण जिल्हे आणि तारखा पाहून मला अंदाज येतच होता. म्हणून मी आमच्या साहेबांकडे गेले आणि म्हणाले, "सर, धार-देवासचे नमुने दुसऱ्या कोणाकडे द्या. त्यातल्या काही कोंबड्या माझ्या नात्यातल्या असाव्यात."

साहेबांनी चष्मा काढला. "नात्यातल्या? आईकडून की वडिलांकडून?"

"मामाकडून."

त्यांनी न हसता ते काम माझ्या सहकारी बाईंकडे दिलं. त्या मात्र पुढे बरेच दिवस मला पाहिलं की पंख फडफडवायच्या.

पावसाळा संपता संपता मामेभावानं देवासला घर घेतलं आणि सत्यनारायण ठेवला. आता दोन्ही व्याही एका खोलीत येणं भाग होतं. मामा पश्चिमेच्या भिंतीला टेकून बसला, सासरेबुवा पूर्वेच्या. मध्ये चौरंग, केळीचे खांब आणि घाबरलेला मामेभाऊ. मामी आणि आई प्रसादाच्या शिऱ्याच्या आडोशाला. पूजा शांततेत झाली. गाडं अडलं ते गणपतीच्या आरतीत.

त्या आरतीत 'फणिवरबंधना' म्हणताना देवाच्या अंगावरचा साप येतो. धारच्या आमच्या आजोळी त्या सापाची केव्हातरी लाकडाची फळी झाली आहे, आणि पिढ्यान्‌पिढ्या सगळे भक्तिभावानं फळीच म्हणतात. व्याह्यांच्या घरी साप शाबूत आहे. पण पुढे देवाला 'संकटी पावावे' म्हणायचं, तिथं ते 'संकष्टी पावावे' म्हणतात, म्हणजे इतर दिवशी आला नाही तरी चालेल. मामानं फळी मोठ्यानं म्हटली. व्याह्यांनी साप त्याहून मोठ्यानं म्हटला. मामानं टाळ्यांचा वेग वाढवला. आरती संपली तेव्हा भटजींचा आवाज कोणालाच ऐकू येत नव्हता.

"फळी कुठली, पाहुणे?" व्याही कडाडले. "दीडशे वर्षं देवाला फळीवर बसवलंत?"

"आणि तुमचा देव महिन्यातून एकदाच ड्यूटीवर!"

मला हसू आवरेना. सगळे माझ्याकडे पाहायला लागले, तेव्हा बोलणं भाग पडलं.

"आई इतकी वर्षं देवासला राहते," मी म्हणाले, "पण आत्ता तिनं काय म्हटलं? फळी. म्हणजे तिची आरती कुठली?"

"धारची," मामी म्हणाली. आई लाजली.

"आणि सूनबाई?"

"संकष्टी," सूनबाई पुटपुटली.

"विषाणूचंही असंच असतं. तो आपली नक्कल करत जातो आणि नक्कल करताना चुका करतो. त्या चुका पुढच्यांकडे जातात. चुका जुळल्या की घराणं कळतं."

 अहवाल तोवर जाहीर झालेला होता, सांगायला हरकत नव्हती. व्याही पुढे सरकले. "मग? कोणाच्या चुका कोणाकडे?"

"कोणाच्याच कोणाकडे नाहीत. तुमच्या कोंबडीतला विषाणू देवासच्या कावळ्यांतल्याशी जुळला. मामाकडचा त्या घराण्यातलाच नाही, त्याचा प्रकारच वेगळा. मामाची कोंबडी निर्दोष आणि चप्पलही निर्दोष."

मला वाटलं होतं, दोघांना हायसं वाटेल. दोघांचेही चेहरे पडले. इतके महिने सांभाळलेलं भांडण कोणीतरी हातातून काढून घेतलं होतं. मामानं खाकरून विचारलं, "मग आपला कुठला?"

"त्याचे जवळचे भाऊबंद उत्तरेकडून तलावांवर येणाऱ्या रानबदकांमध्ये सापडलेत. पण म्हणून बदकांनीच आणला असं सिद्ध—"

पुढचं कोणी ऐकलं नाही. मामा ताठ झाला होता.

"म्हणजे विलायती!"

"मामा, विषाणू आहे तो."

"असू दे. हिमालय ओलांडून आला. समधीजींचा कुठला? गच्चीवरच्या कावळ्याचा!"

"कावळा पितरांचा असतो," व्याही ताडकन म्हणाले. "तुमचं बदक कोणाचं कोण लागतं?"

मामी शिऱ्याची ताटली घेऊन मध्ये उभी राहिली. दोघांनी आपापला शिरा घेतला आणि खाता खाता पितर मोठे की हिमालय यावर बोलत राहिले. पण आता ते एकमेकांशी बोलत होते, भिंतीशी नाही. मामेभावानं भटजींना वाढायला घेतलं.

परतीच्या बसची वेळ झाली तशी मी मामासाठी रिक्षा बघायला निघाले. व्याह्यांनी मला थांबवलं आणि आपली स्कूटर काढली. दोघेही भरभक्कम, मामा मागे बसला तशी स्कूटर पुढून थोडी उचलली गेली. जिन्यावरून मला त्यांचं बोलणं ऐकू येत होतं.

"पुन्हा पाळायची परवानगी मिळाली की पिल्लं आमच्याकडच्या अमझेऱ्याहून आणणार आहे," मामा म्हणाला. "तुम्हाला देऊ का?"

"द्या. पण कोंबडा नको. पहाटे फार ओरडतो."

"कोंबड्याशिवाय अंड्यांतून पिल्लं कशी निघणार, समधीजी?"

"व्याही म्हणा," असं म्हणत त्यांनी किक मारली.