एका फोनपुरता हेडसेट

इस्पितळाच्या जिन्याखालच्या खोलीत एक टेबल, एक खुर्ची आणि हॅलोबाई एवढंच मावायचं. बाहेरून कुणाचाही फोन आला की तो आधी या खोलीत यायचा आणि बाई तो हव्या त्या वॉर्डात जोडून द्यायच्या. सत्तावीस वर्षं त्या हेच करत होत्या. त्यांचं खरं नाव फक्त पगारपत्रकाला माहीत. मोठ्या डॉक्टरांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळ्यांना त्या हॅलोबाई. त्यांचे यजमानसुद्धा चिडले की याच नावाने हाक मारायचे.

इस्पितळ म्हणजे जुन्या वस्तूंचं माहेरघर. बाकी सगळीकडून कधीच भंगारात गेलेला दोऱ्यांचा टेलिफोन बोर्ड इथे गेल्या महिन्यापर्यंत चालू होता. दोरीचं टोक वॉर्डाच्या भोकात खुपसलं की दोन माणसं बोलायला लागायची. बोलणं संपलं की दोरी ओढून काढायची आणि लगेच तिच्या जागी परत बसवायची. मग एके दिवशी दोन हमाल आले आणि बोर्ड उचलून घेऊन गेले. टेबलावर कॉम्प्युटर आला. त्याच्यासोबत हेडसेट आला: कानांवर दोन गाद्या, तोंडापुढे एक वाकडी काडी, आणि एक वायर. तिचं टोक टेबलाखाली, डाव्या पायाशी बसवलेल्या कॉम्प्युटरच्या डब्यात जायचं.

सोमवारी सकाळी पहिला फोन आला. बाईंनी घसा साफ केला, पदर सारखा केला (कशाला, ते त्यांनाच ठाऊक), आणि फोन हाडांच्या वॉर्डात जोडून दिला. अगदी झकास. दुसरा फोन आला. पडद्यावर हिरवा चौकोन लुकलुकला. बाईंनी त्यावर टिचकी मारली, तर कानात चिडीचूप. पडद्यावर पाटी आली: हेडसेट सापडत नाही.

"अरे, माझ्या डोक्यावर आहे की!" बाई पडद्याला म्हणाल्या.

त्यांनी वाकून वायर बघितली. जागच्या जागी होती. कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केला, तर हेडसेट लगेच सापडला. एक फोन झाला. दुसऱ्याला पुन्हा तीच पाटी. दुपारपर्यंत बाईंनी कॉम्प्युटर इतक्या वेळा बंद-चालू केला की त्यालाच चक्कर आली असेल. तक्रार करायला फोन करावा, तर तो याच हेडसेटमधून करायचा. शेवटी गुडघे धरत, तीन मजले चढून, त्या कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याला बोलवायला गेल्या.

दुरुस्तीवाला चाळिशीचा, पोट सुटलेला, थंड डोक्याचा माणूस. त्याने मंगळवारी हेडसेट बदलला. नवा हेडसेटही एक फोन चालला आणि गायब झाला. मग त्याने वायर दुसऱ्या भोकात घातली. एक फोन. मग सगळा प्रोग्रॅम काढून नव्याने टाकला. एक फोन. बुधवारी त्याने तिसरा हेडसेट आणला, तो थेट मोठ्या डॉक्टरांच्या टेबलावरून, न विचारता. त्याचंही तेच.

"ताई, बत्तीस कॉम्प्युटर सांभाळतो मी," तो डोकं खाजवत म्हणाला. "असा आजार कुठे बघितला नाही."

"निदान एक फोन तरी घेतो ना," बाई म्हणाल्या. "म्हणजे जीव आहे त्याच्यात."

त्याच दिवशी अधीक्षक मॅडम खाली आल्या. खोलीत तिसऱ्या माणसाला जागा नव्हती, म्हणून दारातूनच बोलल्या. "शुक्रवारी चार वाजता मी येते. पंधरा मिनिटं उभी राहून बघेन. फोन नीट घेता आले तर प्रश्नच नाही. नाही तर इथे रेकॉर्ड केलेला आवाज बसवू. लोक आकडे दाबतील. तुम्हाला तळघरातल्या कपड्यांच्या भांडारात घेऊ. पगार तोच राहील."

पगार तोच, हे त्या अगदी मायेने म्हणाल्या. बाईंना मात्र पगाराची चिंता नव्हती. भांडारात चादरींशी बोलायचं का? माणसाच्या नुसत्या श्वासावरून, हा बाळंतपणाच्या वॉर्डाला विचारतोय की अपघाताच्या, ते त्यांना कळायचं. लोक रडायचे, खेकसायचे, वॉर्डाचं नाव विसरायचे, आणि बाई त्यांना हाताला धरून नेल्यासारखं नेऊन पोचवायच्या. त्यांना दुसरं काही येत नव्हतं, आणि दुसरं काही यावं असं कधी वाटलंही नव्हतं.

रात्रीचं जेवण त्यांना गेलं नाही. यजमान शिंपी होते, त्यांच्या मते जगातल्या निम्म्या तक्रारी माप चुकल्यामुळे होतात.

"डोक्याला सैल होत असेल तो," ते म्हणाले.

"अहो, सैल झाला म्हणून कॉम्प्युटरला दिसायचा बंद होतो का?"

"मग घट्ट होत असेल."

बाईंनी कपाळाला हात लावला.

गुरुवारी दुरुस्तीवाल्याने वेगळीच शक्कल काढली. तो स्वतः बाईंच्या खुर्चीत बसला. बाई शेजारी उभ्या राहून कुठला फोन कुठे जोडायचा ते सांगत होत्या. एक, दोन, पाच, दहा. दोन तासांत एक्केचाळीस फोन झाले. हेडसेट एकदाही हरवला नाही. दोघंही खूश झाली. मग बाई खुर्चीत बसल्या. एक फोन झाला आणि पाटी आली: हेडसेट सापडत नाही.

तो पुन्हा बसला, तर पुन्हा सुरळीत. बाई बसल्या, तर पुन्हा पाटी. हे तीनदा झालं.

"म्हणजे बिघाड माझ्यात आहे," बाई म्हणाल्या.

"तसं नाही हो ताई," तो म्हणाला. बराच विचार करून त्याने विचारलं, "बांगड्या काढून बघता का? कधी कधी अंगातली वीज..."

अंगात वीज असते हे बाईंना नवीन होतं. शुक्रवारी त्या बांगड्या, घड्याळ, कानातलं, सगळं घरी ठेवून आल्या. केसांतले आकडेही काढल्यामुळे बटा कपाळावर येत होत्या. साडी सुती आणि पायात रबरी चपला. त्यांचा हा अवतार बघून रखवालदाराने घरी सगळं ठीक आहे ना, असं हळूच विचारलं. खोलीत येऊन त्यांनी पहिला फोन घेतला. दुसऱ्याला पाटी आली.

साडेतीन वाजले. दुरुस्तीवाल्याने कॉम्प्युटर शेवटचा म्हणून पुन्हा चालू केला आणि टॉर्च घेऊन, पोट सावरत, टेबलाखाली शिरला. त्यालाही आता काही सुचत नव्हतं, पण वर उभं राहून बाईंच्या तोंडाकडे बघण्यापेक्षा खाली बसलेलं बरं. तेवढ्यात फोन आला.

एक म्हातारे गृहस्थ होते. बायकोला सकाळी आणलंय, पण वॉर्ड माहीत नाही. कशासाठी आणलं तेही धड सांगता येईना, नुसतं "ती पडली हो, ती पडली" चाललं होतं.

"काका, श्वास घ्या आधी," बाई म्हणाल्या. "पडल्यावर उभं राहता येत होतं का त्यांना? नाही? पाय दुखत होता की चक्कर आली होती? हं. बोलत होत्या ना? तुमच्यावर रागावल्या? मग छान आहे. थांबा, देते तुम्हाला."

त्यांनी हाडांच्या वॉर्डात जोडून दिलं, पलीकडून काकांना बायकोचा आवाज आला, आणि बाई समाधानाने मागे टेकल्या. टेबलाखाली दुरुस्तीवाल्याच्या अगदी नाकासमोर वरून एक हात खाली आला. त्याने चिमटीत वायरचं टोक धरलं, ओढलं, पुन्हा भोकात खुपसलं आणि वर निघून गेला. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच.

"ताई!" तो ओरडला आणि त्याचं डोकं टेबलाला आपटलं. "हे काय केलंत?"

"काय केलं?"

"वायर काढलीत!"

"मी? छे! मी हातसुद्धा लावला नाही."

"काढलीत आणि परत घातलीत. काढली की कॉम्प्युटर हेडसेट विसरतो हो. परत घातली तरी चालू प्रोग्रॅमला ते कळत नाही."

"भाऊ, तुमची शपथ. मी नाही काढली."

त्या खोटं बोलत नव्हत्या. दुरुस्तीवाल्याला ते त्यांच्या डोळ्यांतच दिसलं, म्हणून त्याने वाद घातला नाही. त्याने कॉम्प्युटर पुन्हा चालू केला, आपल्या खिशातल्या मोबाईलवरून बाईंना फोन लावला आणि म्हणाला, "आता फक्त हाताकडे बघा."

दोन शब्द बोलून त्याने फोन ठेवला. बाई आपल्या डाव्या हाताकडे टक लावून बघत होत्या. तो मांडीवरून उठला, खाली गेला, टोक ओढलं, बसवलं आणि परत मांडीवर येऊन निमूट पडला.

"अगं बाई!" त्या म्हणाल्या. सत्तावीस वर्षं, रोज तीनशे फोन. पण हा हात आपल्याला न विचारता चालतो हे त्यांना आजच कळलं. त्यांना भीती वाटली, मग हसू आलं, आणि मग दोन्ही एकदमच आलं.

चारला सहा मिनिटं कमी होती. डबा उजवीकडे हलवावा, तर तो टेबलाच्या पायाला स्क्रूने आवळलेला. चिकटपट्टी लावावी, तर ती तीन मजले वर. "धरून ठेवाल ना हात?" दुरुस्तीवाल्याने विचारलं. बाईंनी नाही म्हणून मान हलवली. ज्याचं येणं-जाणं आपल्याला कळतच नाही, त्याला धरून कसं ठेवायचं?

जिन्यावर मॅडमची चप्पल वाजली. कॉम्प्युटर नुकताच चालू झाला होता. बाईंनी डावा हात मांडीखाली घातला आणि त्याच्यावर अंगाचा सगळा भार देऊन बसल्या.

पंधरा मिनिटांत अकरा फोन आले. प्रत्येक फोन संपला की मांडीखाली हात वळवळायचा, बाहेर यायला बघायचा. बाई ओठ आवळून आणखी जोर द्यायच्या. बोलण्यात मात्र कुठे काही कळत नव्हतं. एका माणसाला त्यांनी रडता रडता हसवलंसुद्धा. पाटी एकदाही आली नाही.

मॅडमनी वहीत काहीतरी लिहिलं. "ठीक आहे. तुम्ही इथेच राहा," त्या म्हणाल्या. जायला वळल्या आणि थांबल्या. "पण तुमच्या डाव्या हाताला काय झालंय?"

"काही नाही मॅडम," हॅलोबाई म्हणाल्या. "तो अजून जुन्या बोर्डावर कामाला आहे. त्याला कुणी सांगितलंच नाही."

मॅडमना काहीच कळलं नाही. त्या मान हलवून निघून गेल्या. दुरुस्तीवालाही टॉर्च उचलून, तोंड फिरवून, चिकटपट्टी आणायला वर गेला. बाईंनी हात मांडीखालून काढला. तो पांढराफटक पडला होता, बोटांवर साडीच्या विणीचे वळ होते, आणि मुंग्या अशा आल्या होत्या की हलवता येत नव्हता. बाईंनी तो उजव्या हातात घेतला आणि हळूहळू चोळू लागल्या. त्यांना त्याची फार दया आली.

"दमलास रे," त्या त्याला म्हणाल्या. "पुरे आता."