नातवाच्या चाळीस यार्डांसाठी हॅम्बर्गपर्यंत

मी येणार म्हटल्यावर आधी माझ्या मुलालाच घाम फुटला. "आई, तू कशाला? तिकडे सारखा पाऊस असतो." मी म्हटलं, "असू दे की. मी काय साखरेची बाहुली आहे विरघळायला?" संजयला खरं तर स्वतःलाच जायचं नव्हतं. मी हट्ट धरला म्हणून त्याला मला घेऊन जाणं भाग पडलं, आणि तो आला हे बरंच झालं. ते पुढे कळेल.

मी मूळची तासगावची. तीन महिन्यांच्या व्हिसावर जर्मनीत इंगोलश्टाटला मुलाकडे आले आहे. शाळा चौथीपर्यंत. हे मी फोनला तोंडाने सांगते, तो लिहितो आणि सूनबाई मधुरा त्याच्या चुका काढते. तर मंडळी, माझा नातू निहार इथल्या कॉलेजात शिकतो आणि अमेरिकन फुटबॉल खेळतो. त्यातला बॉल नारळासारखा लांबट. पायाने क्वचितच मारतात, सगळा मामला हातात धरून पळण्याचा. तरी नाव फुटबॉल. का, ते मला विचारू नका. मी निहारला विचारलं तर तो "गेनाऊ, आजी", म्हणजे "अगदी बरोबर", म्हणाला आणि हसत सुटला.

यंदा अमेरिकेची माणसं हॅम्बर्गला येणार होती. कॉलेजातल्या पोरांना पळवून, उड्या मारायला लावून बघायचं आणि त्यातली चारदोन निवडून पुढच्या शिबिराला न्यायची. तिथून व्यावसायिक संघात जाता येतं. बापलेकांत ठरलं होतं की हॅम्बर्गला नाव आलं तर खेळ, नाहीतर खेळ बंद आणि गाड्यांच्या कारखान्यात नोकरी. संजय त्याच कारखान्यात गाड्यांच्या चाचण्या घेतो. करार झाल्यापासून दोघं एकमेकांशी "मीठ दे" एवढंच बोलत होते. पोटच्या पोराचं हसू जेवणाच्या टेबलावर दिसेना, म्हणून मी ठरवलं की जायचंच.

शुक्रवारी सकाळी आम्ही तिघं आगगाडीत बसलो. तुम्ही जाणार असाल तर एक सांगते, तिकिटाबरोबर जागाही राखून घ्या, तिचे थोडे वेगळे पैसे पडतात. नाहीतर दुसऱ्याच्या जागेवर बसावं लागतं आणि दर स्टेशनला जीव खालीवर होतो. न्युर्नबर्गनंतर गाडी मध्येच थांबली. का थांबली ते कोणी सांगेना. समोरच्या जर्मन आजी शांतपणे सफरचंद कापत होत्या. मी त्यांना थालीपीठ दिलं, त्यांनी मला फोड दिली. भाषा नाही की काही नाही, पण हॅम्बर्ग येईपर्यंत त्यांच्या दोन्ही सुनांचं मला कळलं.

स्टेशनाजवळच्या लहानशा हॉटेलात उतरलो. नाश्ता खोलीच्या भाड्यात धरला आहे का ते आधीच विचारा, आमच्यात नव्हता. पण कोपऱ्यावरच्या बेकरीत दालचिनी घातलेला गुंडाळलेला पाव मिळतो, फ्रान्सब्र्योटशन. चहात बुडवून खा आणि मला दुवा द्या.

शनिवारी एस-बानने, म्हणजे इथल्या लोकलने, मैदानावर गेलो. भुरभुर चालूच होती. मोठं बंदिस्त मैदान, खाली प्लास्टिकचं गवत. पोरं केवढाली! एकेकाची मान म्हणजे माझी मांडी. सगळ्यांच्या पाठीवर नंबर. आधी उंची, वजन, मग पंजा पसरून त्याची लांबी, मग हाताची लांबी. मी संजयला म्हटलं, "अरे, हा तर बैलबाजार!"

"आई, हळू बोल."

"इथं मराठी कोणाला कळतंय? दात तेवढे बघायचे राहिले बघ."

आमच्याकडे बाजारात रुमालाखाली बोटं धरून भाव ठरवतात. इथं टोप्या घातलेली ती अमेरिकेची माणसं कागदावर हात आडवा धरून लिहीत होती. दुसऱ्याला दिसू नये म्हणून. माणूस कुठलाही असो, सौदा करताना झाकतोच.

मग उड्या. उंच खांबाला फणीच्या दातांसारख्या पट्ट्या लावलेल्या, खालून उडी मारून हाताने सारायच्या. निहारने वरच्या पट्ट्या अशा उडवल्या की मी टाळ्या वाजवल्या. एकटीनेच. बाकी सगळे गप्प. मग वजन उचलायचं आलं आणि तिथं मात्र गंमत. पाठीवर निजून लोखंड वर ढकलायचं, पुन्हा पुन्हा, दमेपर्यंत. ज्याची पाळी त्याच्याभोवती बाकीची पोरं गोळा होऊन ओरडत होती, "अजून एक, अजून एक!" ज्याला हरवायचं त्यालाच जोर देतात! मला ते फार आवडलं.

मी दिंकाचे लाडू नेले होते. मधल्या सुट्टीत डबा उघडून टोपीवाल्या साहेबांकडे निघाले, तर निहार धावत आला. "आजी, नाईन, नाईन! नाही! त्यांना नको! लाच वाटेल!" मग पोरांना वाटले. एका दांडगट पोराने लाडवात प्रोटीन किती ते विचारलं. संजय म्हणाला, "आईला विचार." मी म्हटलं, "खा, कळेल." त्याने चार खाल्ले आणि पुढच्या चाचणीआधी पोट धरून बसला. निहारचे मित्र म्हणाले, आजी आमच्या बाजूने खेळतेय.

शेवटी पळणं. चाळीस यार्ड, म्हणजे आमच्या अंगणापासून मारुतीच्या देवळापर्यंत. सगळे म्हणतात, साहेबांचं खरं लक्ष यावरच. मी वाट बघत होते की कोणी तरी एक-दोन-तीन म्हणेल. कोणी म्हणत नाही! पोरगा वाकतो, एक हात जमिनीला टेकतो आणि त्याला वाटेल तेव्हा निघतो. तो हलला की घड्याळ सुरू. दोन वेळा पळायला मिळतं.

पहिल्या वेळी निहार वाकला आणि वाकलेलाच राहिला. इतका वेळ की माझाच पाय आखडला. मग निघाला, पण पहिल्याच पावलाला अडखळला. पाटीवर आकडा आला आणि संजयने डोळे मिटले. त्यावरून मला काय ते कळलं.

निहार आम्ही उभे होतो त्या दोरीपाशी आला. कान लाल. "आजी, संपलं. ते सगळे बघत असतात. त्यांच्या डोळ्यांपुढे पाय उचलत नाहीत."

मी म्हटलं, "बाळा, मला बघायला आले होते ना, तेव्हा तुळशीपर्यंत चालवून बघितलं, सुईत दोरा ओवायला लावला. मुलाच्या आत्याने वेणी ओढून पाहिली, खरी आहे का गंगावन लावलंय. मला रडू फुटणार एवढ्यात माझी नजर मुलाकडे गेली. सदऱ्याचं एक बटण वेगळ्याच रंगाच्या दोऱ्याने शिवलेलं. म्हटलं, अरे, ही तर आपल्यासारखीच माणसं! भीती पळाली. ते बघतात तर तूही त्यांना बघ की."

"ते आजोबा होते?"

"नाहीतर कोण? आता त्या घड्याळवाल्याची दाढी बघ."

निहारने पाहिलं. साहेबांच्या दाढीत पिवळीधमक मोहरीची चटणी लागली होती, सॉसेजबरोबर खाल्लेली. निहार असा खुदखुदला की मला वाटलं आता ओरडा बसतोय. संजयसुद्धा हसला. दोघं एकमेकांकडे बघून हसले. किती दिवसांनी!

दुसऱ्या वेळी तो वाकला आणि लगेच निघाला. एवढंच मला सांगता येईल, कारण पुढचं दिसलंच नाही. संजयने माझा दंड एवढा घट्ट धरला होता की मी त्याचा हात सोडवत होते. पोरांची आरोळी उठली तेव्हा कळलं.

संध्याकाळी नंबर पुकारले. पहिला दुसऱ्याचा. दुसराही दुसऱ्याचा. तिसरा निहारचा! मोहरीवाले साहेब स्वतः आमच्याकडे आले. म्हणाले, ऑगस्टमध्ये शिबिराला ये, पण एक आहे. आत्ता तू बॉल घेऊन पळतोस, आम्हाला बॉलवाल्याला आडवा पाडणारा हवाय. दहा किलो वाढव आणि जागा बदल.

निहारने साहेबांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. लहानपणापासून तो बॉल घेऊन पळतोय. मग शांतपणे इंग्रजीत म्हणाला की उद्या कळवतो.

आणि ज्या बापाला हा खेळ बंद करायचा होता तो मैदानाच्या मधोमध ओरडला, "अरे हो म्हण ना, गाढवा!"

निहार, जो बापाच्या मराठीला नेहमी जर्मनमध्ये उत्तर देतो, तो वळून मराठीत म्हणाला, "बाबा, मी पण त्यांना बघतोय. विचार करून सांगतो."

साहेबांना काय कळलं कोण जाणे, पण ते जाताना निहारच्या पाठीवर थाप मारून गेले.

रविवारी बंदरातल्या फेरीबोटीत बसलो. शहराचं दिवसाचं तिकीट काढलं की त्यातच बोटही येते. पर्यटकांच्या महागड्या बोटी लांबूनच बघा. वरच्या मजल्यावर वारा असा की माझा पदर शेजारच्या माणसाच्या तोंडावर. बापलेक कठड्याला टेकून बोलत होते, चांगलं तासभर. मी मुद्दाम लांब बसले. शेवटी निहार आला आणि म्हणाला, "आजी, मी हो म्हणतोय. पाडायलाही मजा येईल." मग तिथेच फोन काढून साहेबांना कळवलं.

आता इंगोलश्टाटला परत आलोय. शिबिरात पुढे काय होईल ते देवाला ठाऊक. निवड झाली तर पोरगा अमेरिकेला जाईल, मी त्याआधीच तासगावला गेलेली असेन आणि हे घर सुनं होईल. मधुरा परवा भाजी चिरता चिरता म्हणाली, "अहो आई, आपणच धाडतोय ना त्याला?" मी म्हटलं, "हो गं." पण घरातला आवाज परत आलाय, आणि तो मला हॅम्बर्गच्या बंदरापेक्षा मोठा वाटतो. जेवताना बापलेक इतके भांडतात, वजनावरून, पावलांवरून, की मीठ मागायला फुरसत नाही.

रोज सकाळी दोघं मागच्या मैदानावर जातात. काल मीही शाल घेऊन गेले. निहारचं पळून झाल्यावर संजय म्हणाला, "थांब, मीच पळून बघतो." कारखान्यात जायच्या कपड्यांत वाकला, हात टेकला आणि निघाला. किती वेळ लागला ते कोणाला सांगायचं नाही, असं त्याने मला बजावलंय. नाही सांगत. पण शेजारच्या बाई कुत्र्याला फिरवत त्याच वाटेने चालल्या होत्या, त्या आधी पोचल्या.