एकदाच लावा, बारा तास विसरा

माझं आणि माझ्या नणंदेचं कधीच पटलं नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी त्यांच्या बाजूनं भांडायला लागले की कुणी म्हणायला नको, घरचीच आहे, बोलणारच.

ताई रस्त्यावर पांढरे पट्टे मारायच्या. माणसांनी रस्ता ओलांडायचे जाड पट्टे, मधली तुटक रेघ, शाळेसमोर मोठ्या अक्षरात ‘हळू’. आधी रस्ता झाडून कोरडा करायचा. मग दोन टोकांना दोन माणसं बसून खडूची भुकटी चोळलेली दोरी ताणून धरायची, एकानं ती चिमटीत उचलायची आणि सोडायची. टण्ण! डांबरावर सरळ रेघ उमटते. त्या रेघेवरून भट्टीत वितळवलेला पांढरा माल गाड्यातून ओतत जायचं, आणि तो ओला असतानाच वरून काचेची बारीक पूड भुरभुरायची, म्हणजे गाड्यांच्या दिव्यात पट्टा चमकतो. दोरी ताईंच्या हातात. तुकडीतले लोक त्यांना ‘फूटपट्टी’ म्हणायचे, तेही तोंडावर. घरी आल्यावर मी घातलेली चादरीची घडी तिरकी दिसली, की त्या ती उलगडून पुन्हा घालायच्या. आता सांगा, कुठल्या भावजयीचं पटेल?

लग्न त्यांनी केलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायच्या, “रस्त्याशी लागलंय, आणि तो सरळ आहे.”

त्यांच्या धंद्यात एक रीत आहे. मालाच्या पोत्यावर छापलेलं असतं, पट्टा दोन वर्षं टिकेल. नाही टिकला, तर माल देणाऱ्याला बोलावून भर दुपारी त्या पुसट पट्ट्यावर उभा करतात. त्याच्यादेखत जुना पट्टा खरवडायचा आणि त्यानं पदरचा माल घालून नवा मारून द्यायचा. याला ‘मालवाल्याला उभा करणं’ म्हणतात. ताईंनी दोघा-तिघांना उभं केलं होतं. एकाला घेरी आली, तेव्हा त्याला पाणी पाजलं आणि परत उभा केला. पोत्यावर छापलेलं खरंच असणार, खोटं छापायची कुणाची छाती होणार नाही, असं ताईंच्या अंगात मुरलेलं होतं. तिथेच त्या फसल्या.

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या नाकावर आणि दोन्ही गालांवर लाल चट्टा उठला. आधी वाटलं घामोळं. मग बोटं सुजली, ताप येऊ लागला. डॉक्टरीणबाईंनी तपासण्या करून एक लांबलचक नाव सांगितलं. मला त्यातलं एवढंच कळलं की अंगातले राखणदारच आपल्या घरावर दगड मारायला लागतात, आणि त्यांना चिथावणी देतं ऊन. आधी चेहरा, मग सांधे, आणि फारच बिनसलं तर मूत्रपिंडं. बाईंनी बजावून सांगितलं, “सावलीतलं काम शोधा. बाहेर जायचंच असेल तर टोपी, पूर्ण बाह्या, आणि उन्हापासून वाचवणारी क्रीम दर दोन तासांनी.”

दर दोन तासांनी! पट्टे मारणाऱ्या बाईला! तिच्या हातमोज्यांवर दिवसभर काचेची पूड असते. त्या हातानं तोंडाला क्रीम चोळली तर गालावर ओरखडेच उठतील. हात धुवायचे तर नळ कुठे? चौकात भट्टी पेटलेली असते, माल उकळत असतो, तो थांबत नाही. सकाळी दव वाळल्याशिवाय पट्टा धरत नाही, म्हणजे काम सुरू व्हायचं तेच ऊन चढल्यावर. ताईंनी दोन दिवस विचार केला आणि मुकादमाला सांगून आल्या, की मला मालाच्या गोदामात बसवा. त्या रात्री जेवल्या नाहीत. मी ताट झाकून ठेवलं तर म्हणाल्या, “झाकण तिरकं आहे.” मला बरं वाटलं. बाई जिवंत होती.

गोदामात जायला चार दिवस उरले असताना ती जाहिरात आली. टीव्हीवर आली, फोनवर आली, आणि गोदामासमोरच्या चौकात भल्यामोठ्या फलकावर लागली. एक मुलगी डोंगर चढते, समुद्रात पोहते, संध्याकाळी नाचते, आणि गाल कसे, तर लोण्यासारखे. खाली लिहिलेलं, ‘एकदाच लावा, बारा तास विसरा.’

ताई एकदम विश्वास ठेवणाऱ्यांतल्या नव्हेत. दुकानात जाऊन त्यांनी विचारलं, बारा तास म्हणजे खरंच बारा? दुकानदार म्हणाला, वर लिहिलंय ना. मग कंपनीच्या नंबरावर माझ्यासमोर फोन लावला. पलीकडची मुलगी मधाळ आवाजात म्हणाली, “हो मॅडम, आमचं नवीन तंत्रज्ञान आहे. सकाळी एकदा लावलं की दिवसभर काळजी नाही.”

“उन्हात काम आहे माझं. घाम येतो.”

“घामातही टिकतं मॅडम.”

ताईंनी फोन ठेवला आणि माझ्याकडे बघून हसल्या. आठवडाभरात पहिल्यांदा. “वहिनी, मी राहते गं रस्त्यावर,” म्हणाल्या. त्यांचं ते तोंड आठवलं की त्या मधाळ मुलीला फोनमधून बाहेर ओढावंसं वाटतं.

मग सुरू झाला रोजचा सोहळा. ताईंनी ती क्रीम रस्त्याच्या मालासारखीच वापरली. दुसरं काही त्यांना ठाऊकच नव्हतं. आधी तोंड स्वच्छ धुवायचं. मग पूर्ण कोरडं करायचं, कारण ओल्यावर काही धरत नाही. मग एक जाड थर, कपाळापासून मानेपर्यंत सारखा. मग पंख्यासमोर बसून वाळवायचं. आणि एकदा वाळलं की त्याला हात लावायचा नाही. नवा पट्टा कुणी तुडवला तर त्या ज्या शिव्या द्यायच्या, तसंच त्यांनी स्वतःचं तोंड राखलं. दुपारी घाम डोळ्यांत उतरायचा, डोळे चुरचुरायचे, पण रुमाल लावायच्या नाहीत. थर पुसला जाईल ना! मुकादम मला नंतर म्हणाला, “आम्ही हसायचो. पिठात बुडवलेली बाई दिसायची. घामाच्या रेघा पडायच्या तोंडावर, पण पुसायची नाही म्हणजे नाही.”

तिसऱ्या आठवड्यात चट्टा परतला. ताई म्हणाल्या, जुनाच आहे, जाईल. मग बोटं अशी सुजली की दोरी चिमटीत धरवेना. मग एका सकाळी त्यांच्या पायात चप्पल जाईना. पायावर अंगठा दाबला तर खड्डा तसाच राहत होता. मी आणि माझ्या नवऱ्यानं उचलून त्यांना रुग्णालयात नेलं.

डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट बघितला आणि खुर्ची पुढे ओढली. “मूत्रपिंडांना सूज आहे. तुम्ही क्रीम लावत नव्हता का?”

“लावत होते. रोज.”

“दिवसातून किती वेळा?”

“एकदा. सकाळी.”

“एकदा?” बाईंचा आवाज चढला. “मी काय सांगितलं होतं?”

ताईंनी पिशवीतून ट्यूब काढून टेबलावर ठेवली, बरोबर कडेला समांतर. “यावर लिहिलंय,” त्या म्हणाल्या.

बाईंनी ती उलटी केली. मागे मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत छापलं होतं: दर दोन तासांनी, तसेच घाम आल्यावर पुन्हा लावावे. पुढे बारा, मागे दोन. दाखवायचे दात वेगळे आणि खायचे दात वेगळे, असं आपण हत्तीला म्हणतो; बिचारा हत्ती निदान कुणाच्या मूत्रपिंडावर पाय देत नाही. ताईंनी ती ट्यूब परत घेतली नाही.

ताई वाचल्या. गोळ्या जन्मभराच्या. रस्ता सुटला, आणि या वेळी तो ताईंनी आपणहून सोडला नव्हता, डॉक्टरीणबाईंनी सोडायला लावला होता. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. मी फोनवरच्या त्या जाहिरातीखाली ताईंच्या चेहऱ्याचा फोटो टाकला आणि सगळं लिहिलं. संध्याकाळपर्यंत खाली रांग लागली. एका पोहायला शिकवणाऱ्या मास्तरांचे खांदे सोलून निघाले होते. एका आईनं लिहिलं, खेळांच्या दिवशी लेकीला सकाळी लावून पाठवलं, दुपारी पोर भाजलेलं तोंड घेऊन आलं. एक बांधकामावरचा गवंडी म्हणाला, मी माझ्या बायकोला म्हणालो होतो, महाग आहे पण दिवसाला एकदाच लागते. सगळ्यांची कथा एकच होती. ज्यांना दर दोन तासांनी हात धुऊन आरशासमोर उभं राहता येतं, त्यांना बारा तासांची गरजच नसते. ती गरज उन्हात राबणाऱ्याला असते. मेल्यांनी नेमक्या त्याच नडीवर बोट ठेवलं.

मग कंपनीचा माणूस घरी आला. गोरागोमटा, इस्त्रीचा शर्ट, हातात रिबन बांधलेली टोपली. टोपलीत काय होतं, सांगा बघू? तीच क्रीम! मोठ्या ट्यूब, लहान ट्यूब, प्रवासाची ट्यूब. जखमेवर मीठ चोळतात हे ऐकलं होतं, पण रिबन बांधून कुणी आणत नाही.

“मॅडमना त्रास झाला, आम्हाला वाईट वाटतं,” तो सोफ्यावर टेकत म्हणाला. “पण सूचना मागे स्पष्ट दिलेल्या आहेत. ग्राहकांनी वाचायला हव्यात.”

“मग पुढे बारा तास कशाला लिहिलं?” मी विचारलं.

“ते खरंच आहे वहिनी. चाचणी झालेली आहे. खोलीत, दिव्याखाली, बसलेल्या लोकांवर. बारा तासांनंतरही त्वचेवर अंश सापडतो.”

“अंश!” मी ओरडलेच. “आणि खोलीत बसलेल्या माणसाला कशाला हवी हो उन्हाची क्रीम?”

“हे बघा, बारा तास म्हणजे बारा तास नसतात, हे समजूतदार ग्राहकाला कळतं.”

म्हणजे आमच्या ताई बिनडोक. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच. मी काहीतरी फेकून मारणार होते, पण ताईंनी हात वर केला. त्या शांत होत्या. “साहेब,” त्या म्हणाल्या, “आमच्यात माल टिकला नाही तर मालवाल्याला उभा करतात. तुम्ही या एक दिवस. सकाळी तुमची क्रीम लावा आणि आमच्या माणसांबरोबर चौकात उभे राहा. पुसायचं नाही, परत लावायचं नाही. संध्याकाळी तुमचं तोंड बघू. मग मी एक शब्द बोलणार नाही.”

तो हसला. म्हणाला, त्या दिवशी मीटिंग आहे. दिवस तर ताईंनी सांगितलाच नव्हता.

निघताना तो दारात थांबला. अंगणात ऊन तापलं होतं आणि त्याची गाडी गल्लीच्या टोकाला होती. त्यानं बॅगेतून ट्यूब काढली आणि नाकावर, गालांवर चोळू लागला. सवयीनंच.

“सकाळी विसरलात वाटतं?” मी विचारलं.

“नाही, आठला लावली होती, पण आता परत बाहेर...” तो म्हणाला, आणि त्याचा हात गालावरच राहिला. मी टोपली उचलून त्याच्या हातात दिली आणि दार लावून घेतलं. आमची तक्रार ग्राहकांच्या कचेरीत पडली आहे. कंपनीचा वकील दर वेळी नवी तारीख मागतो. मागू दे. मी त्याच्याहून हट्टी आहे.

ताई आता गोदामात आहेत. पोती रचतात, दोऱ्यांना खडू चोळून ठेवतात. पोत्यांची रास अशी सरळ की बघून चीड यावी. परवा मी त्यांचा डबा घेऊन गेले, तर गोदामाच्या फाटकाबाहेरच तुकडी पट्टे मारत होती. ताईंच्या जागेवर नवा माणूस होता. दोरी ढिली होती. मलासुद्धा कळत होतं, मग ताईंचं काय झालं असेल!

“अरे, ताण ती! ताण!” त्या दारातून ओरडत होत्या. भट्टीच्या घरघरीत कुणालाच ऐकू जात नव्हतं. चौकातल्या फलकावरचं चित्र उन्हानं विटलं होतं म्हणून दोन माणसं शिडीवर चढून नवं लावत होती. मुलगी तीच. अक्षरं नवी: ‘आता सोळा तास.’

“वहिनी, तू जा,” ताई म्हणाल्या. “सांग त्याला, टाच रोवून बस म्हणावं, आणि मनगटानं ओढ.”

मी डबा ठेवला आणि गेले. त्या माणसाला बाजूला केलं, फतकल मारून रस्त्यावर बसले आणि दोरी ओढली. “अजून!” मागून आवाज आला. अजून ओढली. चिमटीत उचलली, सोडली. टण्ण.

सरळ आली का, हे विचारायला मी वळून पाहिलं. ताई उंबऱ्यात मान लांब करून बघत होत्या. गोदामाच्या छपराची सावली जिथे संपत होती, तिथे त्यांच्या पायाची बोटं होती. अख्ख्या गावाला रेघा आखून दिलेली बाई त्या सावलीच्या रेघेला चिकटून उभी होती, आणि एक बोटही पुढे येऊ देत नव्हती.

“डावीकडे गेलीय जराशी,” त्या म्हणाल्या. “पूस, आणि परत मार.”