दुपारचा कापूस

मी लहानपणीच नवरा गिळला, असं आमच्या घरात सगळे म्हणत. गिळायला मी त्याला धड पाहिलासुद्धा नव्हता! दर्यापूरच्या सासरच्यांनी मला अमरावतीला दादाकडे आणून टाकलं. वयात आल्यावर न्हावी आला, केस गेले, लाल आलवण आलं. तेव्हापासून माझं काम म्हणजे पाणी, पोतेरं, दळण, आणि कोणी कामाला बाहेर निघालं की त्याला आडवं न जाता कोपऱ्यात दडणं.

एकच गोष्ट माझी होती. दुपारी जेवणं झाली, भांडी झाली, की मागच्या पडवीत बसून मी देवाची कापसाची वस्त्रं करायची. दादा भिक्षुक. यजमान कुणबी दक्षिणेबरोबर पसाभर कापूस ठेवून जात. त्यातली सरकी बोटांनी काढायची, कापूस तळहातावर मोकळा करायचा, दुधात बोटं ओली करून वळायचा आणि मध्येमध्ये मणी सोडायचा. बाकीच्या बायका सरळ माळ करून मोकळ्या होतात. मी तिची वेल करायची. वेलीला पानं, पानाआड कळी. वर कुंकवाचं बोट मात्र वहिनीनं लावायचं, कारण विधवेचा हात कुंकवाला कसा चालेल! ती कळीवर असं बोट दाबायची की कळीची पार चपाती व्हायची. मरो मेली. दुसऱ्या दिवशी मी दुसरी करायची.

त्या घटकाभरात मी कोणाची विधवा नसायची. खरं सांगते, ती घटका नसती तर परसातली विहीर काही लांब नव्हती. शेजारणी म्हणत, काय बाई भक्ती! मी म्हणू द्यायची.

मग कुठे साता समुद्रापलीकडे गोऱ्यांची आपसात लढाई जुंपली, विलायतेच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि आमच्या वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचं मोल आलं. शहाणी माणसं वेडी झाली. कोणी बैलांच्या शिंगांना चांदी मढवली. दादानं पंचांग खुंटीला टांगलं आणि दलाल झाला. संध्या अर्धी टाकून बाजारात पळायचा. घरी आला की कोनाड्यातला, कोपऱ्यातला कापूस झाडून न्यायचा. माझा पसा गेला.

"दादा, देवाच्या वस्त्रापुरता तरी ठेव ना."

"देवाले काय थंडी वाजून राहिली? कापसाचा भाव काय आहे आज, तुले समजते काही?"

मला कापूस समजत होता, भाव नव्हता समजत. बाजाराच्या वाटेवर बाभळी होत्या. गाड्या जाताना कापूस उडायचा आणि काट्यांना अडकायचा. पहाटे पाण्याला जाताना मी तो वेचायची. बोटांत काटे मोडायचे. त्या मळक्या कापसातली लांब तार तेवढी निवडायला अख्खी दुपार जायची, पण वेल व्हायची.

एके दिवशी मुंबईचा एक व्यापारी जेवायला आला. हात धुऊन देवाच्या पाया पडायला वाकला, आणि त्यानं बाळकृष्णाच्या गळ्यातलं वस्त्र ओढून काढलं. कापूस पारखायची त्या लोकांची रीतच तशी. चिमूट दोन अंगठ्यांत धरायची, ओढायची, तार किती लांब निघते ते पाहायचं. देवाच्या गळ्यातला कापूस पाहूनसुद्धा त्या माणसाच्या बोटांना राहवलं नाही. मी दाराआडून पाहत होते. आधी पानं गेली, मग कळी. त्याच्या चिमटीत नुसती लव राहिली.

"काय तार आहे हो! माल कोठला?"

"आपलाच," दादा म्हणाला. "सगळा असाच आहे."

पापणीसुद्धा लवली नाही मेल्याची.

दुसऱ्या दिवशी दादानं माझ्यापुढे एक पोतं आणून ओतलं. लांब तार निवडायची, विंचरायची, काळ्या फडक्यावर सरळ मांडायची. नमुना म्हणून तो व्यापाऱ्यांना दाखवायचा, आणि गाडीत मात्र वर तेवढा बरा भरायचा, खाली वजन वाढवायला ओला आणि आखूड.

"तुले कापूस पायजे होता ना? घे. बस सकाळपासून."

दळणाला बाई ठेवली. वहिनी म्हणाली, "वन्सं, मजा आहे बाप्पा तुमची! बसल्या जागी आवडीचं काम."

त्या आवडीच्या कामानं माझी दुपार खाल्ली. दिवेलागणीला बोटं मिटत नसत. एकदा न राहवून मी फडक्याच्या कडेला एक कळी वळली, तर दादानं वेताची छडी उचलून माझ्या बोटांवरच मारली. "हे चाळे इथी नाही!" देवघरातही जागा उरली नव्हती. वहिनीनं देवांना चांदीची वस्त्रं घडवून आणली होती. मी कापसाच्या ढिगात बसलेली, आणि माझ्या वाटेला चिमूटभर कापूस नाही!

अकोल्याकडे आगगाडी येणार म्हणून दादानं तिकडे बिऱ्हाड हलवलं. तिथे वर्षभर दिमाख चालला. मग गोऱ्यांची लढाई मिटली, भाव धाडकन पडला, आणि ओला माल मुंबईच्या त्याच व्यापाऱ्यानं दादाच्या दारात आणून टाकला. चांदीची वस्त्रं मोडली. मला मनातून आनंद झाला, कशाला खोटं बोलू? वाटलं, आता कापसाला कोणी विचारत नाही, आता माझा पसा मला मिळेल. तर दादानं घरात कापूसच बंद केला. "अवदसा आहे ते. माह्या डोयापुढे नको." समईच्या वातीसुद्धा चिंध्यांच्या व्हायला लागल्या. मी रिकाम्या बोटांनी हवेत वळायची. वहिनीनं पोरांना सांगितलं, आत्याला वेड लागलं, जवळ जाऊ नका.

त्या उन्हाळ्यात पटकीची साथ आली. दादा सकाळी ओकला, दुपारी गेला.

प्रेताच्या नाका-कानात घालायला कापूस लागतो. वऱ्हाडच्या दलालाच्या घरात बोंडभर कापूस निघाला नाही! शेजारीण धावत जाऊन ओंजळभर घेऊन आली. अशा कामाला विधवाच पुढे, तेव्हा तिनं तो माझ्या हातात दिला. किती दिवसांनी हाताला कापूस लागला होता! मी चार बोळे वळून दिले. नीट वळले, घाईनं नाही. उरलेला ओच्यात खोचला आणि इथल्या मागच्या पडवीत जाऊन बसले.

सुतक होतं. सुतकात पूजा नाही, देवासाठी काही करायचं नाही. मी करत होते. कोणाच्या गळ्यात घालायची नाही, कोणाला दाखवायची नाही, अशी वेल बोटांखाली उतरत होती, आणि कुंकवाचं बोट दाबायला कोणी येणार नव्हतं. ज्यांना भक्ती वाटायची त्यांनी त्या दिवशी पाहायला हवं होतं. उपाशी माणसाच्या पोटात घास जावा तसं मला वाटत होतं.

पुढच्या खोलीत दादाला उचलत होते. मग वहिनीच्या बांगड्या फुटल्या. एकेक फुटताना मला ऐकू येत होती. ती मला हाका मारत होती, "वन्सं, वन्सं हो!" त्या घरात आता तिला जवळ घेणारी मी एकटीच होते.

मी उठले नाही. कळी अर्धी झाली होती.