शेवाळ खरवडणारे जानराव

अकोल्यात राहून शेवाळाचा अभ्यास करणं ही माझी हौस. मे महिन्यात आमच्या शहरात शेवाळ फक्त कूलरखाली सापडतं, आणि तेही बायको घासून टाकते. म्हणून वनस्पतिशास्त्राची मास्तरकी सांभाळून मी तीस वर्षं दर पावसाळ्यात चिखलदऱ्याला जात राहिलो. माणसाच्या वावराने डोंगरातल्या शेवाळाचं काय होतं, हा माझा विषय. त्यावरचे माझे शोधनिबंध आजवर अकरा जणांनी वाचलेत. त्यांतले चौघे माझेच विद्यार्थी होते, त्यांना इलाज नव्हता.

जानराव मूळचे वलगावचे. रस्त्याच्या कामावर डोंगरावर आले आणि बायको इंदूबाईसह तिथेच राहिले. तिथे एका झऱ्याकडे उतरणाऱ्या एकशे बारा दगडी पायऱ्या आहेत. पावसाळ्यात त्यांच्यावर शेवाळ धरायचं आणि पर्यटक घसरायचे, म्हणून एका कार्यालयाने (नाव न घेतलेलं बरं) जानरावांना रोजंदारीवर ठेवून हातात तारेचा ब्रश दिला. दर आठवड्याला वरच्या पायरीपासून खालच्यापर्यंत घासायचं. अकरा पावसाळे त्यांनी ते केलं. यंदा कायम होणाऱ्यांच्या यादीत तुमचं नाव लागतं, असं तिथल्या बाबूने त्यांना सांगितलं होतं, आणि इंदूबाईंनी ते सगळ्या वस्तीला सांगितलं होतं.

त्याच पावसाळ्यात मी पहिल्यांदा या पायऱ्यांकडे वळलो, आणि आमची ओळख चाळिसाव्या पायरीवर झाली. भर पावसात मी पालथा पडून भिंगातून बघत होतो.

"सर, पडले काय?"

"नाही. पाहतोय."

"पंधरा मिंटं झाले. मले वाटलं चक्कर आली. दगडात काय पायता?"

पायरीच्या सांध्यात तांदळाच्या दाण्याएवढं एक शेवाळ होतं. या भागात त्याची नोंद नव्हती. मला त्या दिवशी जेवणाची आठवण राहिली नाही.

"हे तं नेमी येते," जानराव म्हणाले. "मी वरचं जाडं खरवडलं का हे पंधरा दिवसात सांध्यात हजर. नाही खरवडलं तं येत नाही."

हे वाक्य मी वहीत लिहून घेतलं. मथळा होता, 'स्थानिकांच्या समजुती'.

मग मी कार्यालयाला पत्र पाठवलं. घासण्यामुळे दुर्मीळ शेवाळ धोक्यात आहे, हा प्रकार चुकीचा असून तो ताबडतोब थांबवावा. तीस वर्षांत मी अशी बरीच पत्रं पाठवली आणि एकाचंही कोणी काही केलं नाही, म्हणून मला पत्र लिहिण्यात कसलाच धोका वाटत नसे. या पत्रावर आठ दिवसांत कारवाई झाली. पायऱ्यांवर जायला मनाई असल्याची पाटी लागली, जानरावांचं काम गेलं आणि यादीतलं नावही. ते नवरा-बायको शेंदूरजनाघाटला संत्री निवडायच्या कामावर गेले. मी त्या वर्षी एका चर्चासत्रात या यशावर वीस मिनिटं बोललो.

दोन पावसाळ्यांनी पायऱ्या बघायला गेलो. सगळं हिरवंगार, गादीसारखं. सुमारे सहा मिनिटं मी आनंदात होतो. मग भिंग काढलं. एकशे बारा पायऱ्यांच्या एकाही सांध्यात ते बारीक शेवाळ नव्हतं. जाड्याने त्याला गिळलं होतं. हे नाजूक जातीचं शेवाळ ताज्या उघड्या झालेल्या दगडावरच जगतं. दांडगे शेजारी ठाण मांडून बसले की संपतं. जानरावांचा ब्रश दांडग्यांना उखडायचा, त्याच्या तारा सांध्यात पोचायच्या नाहीत, आणि खरवडलेल्या चुऱ्यात आलेले या बारक्याचे तुकडे पाण्याबरोबर खालच्या सांध्यांत जाऊन रुजायचे. डोंगर खचतो, गुरं चालतात, तिथे हे घडतं, असं मी वर्गात दरवर्षी शिकवत होतो. आठ गुणांना यायचं. वलगावच्या माणसालाही त्या यादीत धरावं, हे मात्र मला सुचलं नव्हतं.

मी शेंदूरजनाघाटला गेलो. संत्र्याच्या ढिगापाशी जानराव मोठा माल एकीकडे, बारका एकीकडे करत होते.

"जानराव, परत चला. घासायला."

"काहून? शेवाय मेलं?"

"बारीक होतं ते गेलं."

"म्या सांगतलं होतं तुमाले."

"मी लिहून घेतलं होतं."

"लिवून घेतलं अन् वाचलं नाही?" इंदूबाईंनी वर न पाहता विचारलं. "शिकेल मानसं असेच रायतेत काय हो सर?"

जानरावांनी एक सडकं संत्रं बाजूला टाकलं. "येतो मी. पन पयले चिठ्ठी लिवा. मांगच्या चिठ्ठीत माह्यं काम चुकीचं हाय म्हनून लिवलं तुमी. आता कोनाचं चुकलं ते लिवा."

अकोल्याला येऊन मी लिहिलं आणि फोनवर वाचून दाखवलं. 'नव्या निरीक्षणांमुळे पूर्वीच्या निष्कर्षांचा फेरविचार आवश्यक वाटतो.'

"याच्यात कोनाचं चुकलं?"

दुसऱ्या खेपेला, 'काही त्रुटी राहून गेली.'

"कोनाच्यानं रायली?"

तिसरी खेप सांगत नाही. चौथ्या खेपेला लिहिलं, 'माझं चुकलं. जानरावांचं काम बरोबर होतं. त्यांना परत घ्यावं, आणि यादीत त्यांचं नाव लावावं.' याला मला पंधरा दिवस लागले. प्रबंधाचं शेवटचं प्रकरण मी एका आठवड्यात संपवलं होतं.

या पत्रावर मात्र कारवाईला पाच महिने लागले. यंदा आखाडात जानराव पायऱ्यांवर परत आले, आणि सात सांध्यांत ते बारीक शेवाळही आलं. पण जानराव आले ते रोजंदारीवरच. यादी मागेच निघून गेली, पुढची कधी ते कोणालाच ठाऊक नाही. भेटलो की जानराव शेवाळाचं काही बोलत नाहीत. "सर, यादीचं?" एवढंच विचारतात.

म्हणून दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी मी त्या कार्यालयात जातो.

"सर, आज कोणतं शेवाळ?" बाबू विचारतो.

"शेवाळ नाही. जानराव."

तो बाकाकडे बोट दाखवतो. मागच्या सोमवारी बाकावर इंदूबाई आधीच येऊन बसल्या होत्या.

"तुमी चिठ्ठीत लिवलं ते सायबाले तोंडानं सांगान ना?" त्यांनी विचारलं.

"सांगीन."

"मंग सरका तिकडं. आयकाले आली मी."

साहेब दौऱ्यावर होते. साडेपाचपर्यंत आम्ही दोघं बसून राहिलो.