माऊसला लावलेली हळद

"कॉम्प्युटर कुणाला येतो?" असं हेडसरांनी स्टाफरूममध्ये विचारलं, तेव्हा मी हात वर करायला नको होता. पण समोर विज्ञानाचे सर चहा पीत बसले होते. ते बशीत बघत पुटपुटले, "बायकांना कुठलं जमायचं!" झालं. पुढचं मला आठवत नाही. हात वर गेलेला होता आणि तो माझाच होता.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. सांगलीत, माधवनगरच्या अंगाला आमची शाळा, आणि मी तिथं गणित शिकवत होते. माझं कॉम्प्युटरचं शिक्षण म्हणाल तर मे महिन्यात साताऱ्याला माहेरी गेले असताना केलेला पंधरा दिवसांचा क्लास. एका मशीनवर चौघीजणी. मी कायम चौथी, कारण वाटेत कंदी पेढे घ्यायला थांबायचे. पुढच्या तिघींच्या वेण्यांमधून पडद्याचा जेवढा कोपरा दिसला, तेवढंच माझं ज्ञान. प्रमाणपत्र मात्र आईनं काचेत बसवून भिंतीवर लावलं होतं.

शाळेत कॉम्प्युटर आला तसे मी नियम काढले. चपला बाहेर. खिडक्या बंद. बाईंशिवाय कुणी हात लावायचा नाही. सगळ्यांना वाटलं, बाईंना मशीनची केवढी काळजी! खरी काळजी वेगळीच होती. कुणी आत येऊन काही विचारलं असतं तर माझं पितळ उघडं पडलं असतं.

त्यात हेडसरांनी जाहीर केलं, "दसऱ्यानंतरच्या सोमवारी शिक्षण खात्याचे साहेब पाठ बघायला येणार आहेत. बाई, तुमचा पाठ. जमला तर कॉम्प्युटर इथं राहील. नाही तर जतकडच्या एका शाळेनं मागितलाय, तिकडं जाईल."

विज्ञानाचे सर म्हणाले, "बाई आहेत म्हटल्यावर काळजीच नाही." हे ते इतकं गोड बोलले की माझी झोप गेली.

मग मधल्या सुट्टीत दार लावून सराव सुरू झाला. मशीनमध्ये पत्त्यांचा एक खेळ होता. माऊसनं पान उचलायचं, न सोडता ओढत न्यायचं आणि बरोबर जागेवर टाकायचं. पहिले दोन दिवस माझी राणी भलतीकडेच पडायची. एकदा शिपाईमामा पाण्याचा तांब्या घेऊन आत आले आणि बघतच राहिले.

"बाई, पत्तं?"

"माऊसचा सराव आहे, मामा."

"आमी पारावर ह्योच सराव केला तर पोलीस येत्यात."

पण खोटं नाही सांगत, त्या पत्त्यांनीच माझा हात बसला. आठवडाभरात राणी बरोबर राजावर पडायला लागली. चित्र काढायच्या पानावर मी झक्क वर्तुळ काढायला लागले. पाठ वर्तुळावरच घ्यायचा ठरवला. आता साहेबच काय, साहेबांचे साहेब आले तरी हरकत नाही, अशा तोऱ्यात मी वावरत होते.

आणि खंडेनवमी आली. त्या दिवशी आमच्याकडे हत्यारं-अवजारं पुजतात. शाळेतली घंटा, प्रयोगशाळेतला तराजू, शिवणवर्गातलं मशीन, सगळं ओळीनं मांडलेलं. कॉम्प्युटरच्या पूजेचा मान अर्थातच मला. आमच्या घरची रीत अशी, की अवजार जिथं काम करतं तिथं हळद लावायची. विळीच्या पात्याला, सायकलच्या साखळीला, शिवणयंत्राच्या सुईला. त्या हिशेबानं मी पडद्याला बोट लावलं, मग माऊस उलटा केला. खाली रबरी गोळी असते, ती फिरते तेव्हा पडद्यावरचा बाण फिरतो. म्हणजे खरं काम तीच करते. सांगलीत हळदीला काय तोटा! चांगली ओली, दाट हळद मी त्या गोळीला चोळली, नमस्कार केला आणि सुट्टीला गेले.

सोमवारी आठवीचा वर्ग, मागच्या बाकावर साहेब, त्यांच्या शेजारी हेडसर आणि विज्ञानाचे सर. मी ऐटीत माऊस धरला आणि ओढला. बाण डावीकडून उजवीकडे गेला. वर काही जाईना. खालीही येईना. मी जोर लावला. पडद्यावर एक आडवी रेघ उमटली. पुन्हा ओढला, दुसरी रेघ.

पुढच्या बाकावरची मुलगी म्हणाली, "बाई, वर्तुळ कवा येणार?"

विज्ञानाच्या सरांनी खोकल्याचं निमित्त करून तोंडावर रुमाल धरला. मला डोळ्यांपुढे जतची एसटी दिसली आणि तिच्या टपावर आमचा कॉम्प्युटर. आता थापा मारून काही उपयोग नव्हता.

"साहेब," मी म्हटलं, "खरं सांगते. पंधरा दिवस शिकले, त्यातलं निम्मं वेण्यांतून बघितलं. काय बिघडलंय ते मला माहीत नाही. पण उघडून बघते."

दारातून शिपाईमामा म्हणाले, "आवं बाई, हळद वाळली आसंल की! तुमीच नव्हं का चोळली?"

वर्ग हसला. मी माऊस उलटा केला, झाकण फिरवून गोळी काढली. आत बारीक दोन रूळ होते आणि त्यातल्या एकावर पिवळी पोपडी घट्ट बसली होती. अंबाड्यातला आकडा उपसला आणि कानातला मळ काढावा तशी ती खरवडून काढली. गोळी पदराला पुसून आत टाकली. माऊस ओढला. बाण वर गेला. सगळ्या वर्गानं "हेऽऽ" केलं. माझं वर्तुळ पेरूसारखं आलं, पण आलं.

साहेब उठून पुढे आले. आता काय ऐकवतात म्हणून मी बाजूला सरकले. त्यांनी माऊस हातात घेऊन उलटसुलट बघितला आणि आवाज खाली आणून विचारलं, "हे झाकण कुठल्या बाजूला फिरवलंत?"

मी दाखवलं.

"आमच्या ऑफिसातला पण दसऱ्यापासून नुसता आडवाच चालतोय," साहेब म्हणाले. मग हेडसरांकडे वळून मोठ्यानं म्हणाले, "मशीन इथंच राहू दे. बाईंना दुरुस्तीही येते." आणि पुन्हा हळूच मला, "तो आकडा जरा देता का?"

मी दिला. उरलेला तास मी एका हातानं माऊस आणि दुसऱ्या हातानं सुटलेला अंबाडा सांभाळत पुरा केला.