ताईचं लिव्हर चालणार नाही

मंडळी, आत्ताच हॉस्पिटलमधून बदलापूरला परतलोय. कुणाशी तरी बोलायचंय.

माझ्या भावोजींचं लिव्हर दारूने गेलंय. दारू सुटली, पण आता ट्रान्सप्लांटशिवाय इलाज नाही. माझा रक्तगट जुळत नाही. ताई स्वतःच्या लिव्हरचा तुकडा द्यायला तयार होती. आज डॉक्टर म्हणाले, "तुमच्याच लिव्हरवर चरबी आहे. घेता येणार नाही."

ताई म्हणाली, "मी तर कधी थेंबही घेतला नाही हो!"

मग मी भावोजींच्या भावाला फोन लावला. "दारुड्यासाठी मी पोट फाडून घेऊ?" एवढं बोलून त्याने फोन ठेवला.

फोन स्पीकरवर होता, भावोजींनी ऐकलं होतं. ताईला म्हणाले, "बरोबर बोलला तो. चल, पालेगावला घरी जाऊ."

ताई त्यांचे कपडे पिशवीत भरायला लागली. मी तसाच निघून आलो. माझ्या जागी तुम्ही काय बोलला असतात?